गुटी बांधायचे प्लास्टिकचे बॉल : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

परसात एक जुना पेरू आहे, आतून गुलाबी, बिया कमी, आणि त्याचीच रोपं हवी होती म्हणून मागच्या वर्षी हे बॉल ऑनलाइन मागवले. बी पेरून तो पेरू जसाच्या तसा मिळत नाही, बियांचं रोप कुठे जाईल सांगता येत नाही, गुटीचं रोप मात्र आईसारखंच निघतं. गुटी म्हणजे झाडावरच फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, बांधून मुळ्या फुटू द्यायच्या आणि मग ती फांदी कापून लावायची. तर हा बॉल म्हणजे बिजागरीवर मिटणाऱ्या दोन वाट्या, मधे फांदी धरायची, आत भिजवलेलं मॉस भरायचं, मिटून पिन लावायची, झालं. जाहिरातीतल्या व्हिडिओत बॉल लावला की पुढच्याच सीनला मुळ्या. माझं तसं झालं नाही म्हणून एवढं लिहितेय.

माझ्या पाकिटात तीन साइझ होते, साधारण ५, ८ आणि १२ सेंटीमीटर. सरळ मधला घ्या. लहानात मॉस इतकं थोडं बसतं की दोन कडक उन्हांत कोरडं ठक्क, आणि मोठा पाण्याने एवढा जड होतो की फांदी लोंबायला लागते, मला तो सुतळीने वरच्या फांदीला टांगावा लागला.

पहिल्या खेपेला चार बॉल लावले. दोन महिने मी रोज जाऊन लांबून बघून येत होते, फांदीची पानं हिरवीगार, म्हटलं काम होतंय. उघडले तर चारातल्या तिनात काहीच नाही! मॉस ओलं, फांदी जिवंत, मुळी एक नाही. लगेच प्रॉडक्टला शिव्या घालून झाल्या. मग बाबांना फोन केला, ते आयुष्यभर पॉलिथिन आणि सुतळीने गुटी बांधत आलेत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं साल काढलीस ते ठीक, पण आतलं लाकूड खरवडलंस का?" नव्हतं खरवडलं. परत जाऊन नीट बघितलं तर काढलेल्या सालीच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत नव्या सालीची एक बारीक पट्टी उतरली होती, पूल बांधल्यासारखी. जखम भरून आली होती हो झाडाची, त्याला मुळ्या सोडायची गरजच उरली नाही.

खरी गंमत इथेच आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली जातं आणि मुळांचं पाणी लाकडातून वर येतं. साल गोल काढली की वरून येणारं अन्न आणि मुळ्या फोडणारं संप्रेरक त्या वरच्या काठाशी अडतं, पाणी मात्र चालूच राहतं, म्हणून फांदी सुकत नाही आणि मुळ्या त्या वरच्याच काठातून फुटतात. पण साल आणि लाकूड यांच्यामधला तो बुळबुळीत थर राहिला तर झाड पुन्हा साल जोडून घेतं. तेव्हा पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी घ्या, अडीच-तीन सेंटीमीटरचा पट्टा गोल काढा आणि सुरीची धार उभी धरून बोटाला बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत खरवडा. रूटिंग पावडर असेल तर वरच्या काठाला चोळा, खाली लावून उपयोग नाही. यातलं काहीही बॉल तुमच्यासाठी करत नाही आणि पाकिटावरच्या चित्रात खरवडणं दाखवलेलंच नाही, हा माझा मोठा राग.

आता बॉलचे स्वतःचे गुण-दोष. काळा घेऊ नका, आतलं काही दिसत नाही आणि उन्हात तापतो. पारदर्शक घ्या, वर फॉइल गुंडाळा, आठवड्याने फॉइल बाजूला करून डोकवा. मॉस रात्रभर भिजवून घट्ट पिळायचं, मुठीत दाबल्यावर थेंब गळायला नको, नाहीतर साल कुजते. फांदी जिथून बाहेर येते तिथे फट राहते, तिथून ओल उडते आणि मुंग्या आत शिरतात, एका बॉलमध्ये तर अख्खी वसाहत, अंड्यांसकट. मी आता दोन्ही तोंडांना टेप मारते, आणि मॉस फिकट दिसलं की सिरिंजने पाणी सोडते. हे सिरिंजचं मात्र पॉलिथिनपेक्षा सोपं पडतं, तिथे भोक पाडा परत चिकटवा असला उद्योग असतो. बिजागरी अगदीच कच्ची आहे, सहातल्या दोन दुसऱ्या वर्षी तुटल्या, आणि पिन वाऱ्याने निसटते.

या पावसाळ्यात सहा मधले बॉल लावले, नीट खरवडून. सात आठवड्यांनी पाचांत पांढऱ्या मुळ्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या. पांढऱ्या दिसल्या की लगेच कापू नका, थोड्या तपकिरी होऊन गच्च भरू द्या. कापताना बॉलच्या खाली कापा, निम्मी पानं काढा आणि मॉस न सोडवता तसंच कुंडीत लावा. आतल्या बाजूच्या बारीक खुंट्यांत मुळ्या अडकतात, वाटी खसकन ओढलीत की तुटल्याच, माझं एक रोप असंच गेलं. पुढचे काही आठवडे सावली, आणि काठीचा आधार हवाच कारण गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं.

लिचीवर लावला तरी चालतो, लिचीची रोपं मुळात गुटीनेच करतात, बियांच्या झाडाला फळ धरायला दहा-दहा वर्षंसुद्धा लागतात. आंब्यावर मात्र बॉल वाया घालवू नका, त्याला गुटी क्वचितच लागते, तिथे खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या रोपावर, कलमच करावं.

माझे साडेतीन स्टार. अर्धा बिजागरीचा कापला, एक त्या चित्राचा. दोन बॉल बाबांना दिले होते, परवा व्हिडिओ कॉलवर दाखवले त्यांनी, बॉल लावलेत खरे, पण पिन काढून फेकलीय आणि वरून तीन वेढे सुतळीचे.