'कर्स्ड बनी': आठ महिने उशाशी असलेला ससा

बोरा चुंग या कोरियन लेखिकेचा 'कर्स्ड बनी' हा कथासंग्रह माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. दहा कथा, बेताचं पुस्तक. पहिल्यांदा मी ते दोन रात्रींत संपवलं, आणि तिथेच चुकले. डोक्यात सगळ्या कथांचा लगदा झाला आणि लक्षात राहिलं ते फक्त संडासातलं डोकं.

हो, संडासातलं डोकं. पहिलीच कथा, 'द हेड'. कमोडमधून एक डोकं वर येतं आणि बाईला 'आई' म्हणून हाक मारतं. तिनेच आजवर टाकून दिलेल्या केसांचा, मैल्याचा तो गोळा. लेखिका हे अशा थंडपणे सांगते, जणू नळ गळतोय एवढीच तक्रार आहे. मैत्रिणीला पुस्तक वाचायला दिलं, तर चौथ्या दिवशी परत आलं. खूण पहिल्याच कथेत होती. तिला दोष देत नाही. किळस येणाऱ्यांनी सरळ दुसरीकडून सुरुवात करावी, कथांचा एकमेकींशी संबंध नाही.

मूळ पुस्तक २०१७ चं. अँटन हर यांचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होता. त्या वर्षी पुरस्कार गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'च्या अनुवादाला मिळाला. ती बातमी वाचतानाच मला 'कर्स्ड बनी'चं नाव कळलं.

दुसऱ्या वाचनाला आठवड्याला एक कथा असा नेम धरला आणि मग पुस्तक खरं उघडलं. शीर्षककथाच घ्या. करणीच्या वस्तू बनवणारं घराणं. आजोबांचं म्हणणं, अशी वस्तू दिसायला सुंदरच हवी. आणि घरचा नियम असा, की ती स्वतःच्या कामासाठी कधी बनवायची नाही. आजोबा तो मोडतात. मित्राचा मद्याचा धंदा एका बड्या कंपनीने खोटी बदनामी करून बुडवलेला असतो, म्हणून ते सशाच्या आकाराचा एक गोजिरवाणा दिवा बनवून त्या कंपनीत पोचवतात. मग रात्री ससे येऊन कागद कुरतडायला लागतात. पहिल्यांदा वाचताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. बरं झालं, कुरतडा अजून! पण पुढे तो दिवा मालकाच्या लहान नातवाच्या हाती लागतो. त्या पोराने कुणाचं काय वाकडं केलं होतं? तिसऱ्या वाचनात मी त्याच पानावर थांबले. वाईट वाटलं ते आधीच्या टाळ्यांचं.

'स्नेअर'चंही तसंच. सापळ्यात अडकलेला कोल्हा, त्याच्या जखमेतून सोनं वाहतंय, आणि एक माणूस ती जखम भरूच देत नाही. सोन्याचं अंडं देणाऱ्या कोंबडीची गोष्ट लहानपणी ऐकलेली, त्यामुळे आपण निवांत असतो: लोभी माणूस शेवटी रडणार. रडतोही. पण किंमत मोजतात त्याची मुलं, आणि ती कशी, ते इथे लिहिणार नाही.

हा संग्रह भयकथांचा की विज्ञानकथांचा की परीकथांचा, असं विचारणारे मला भेटले. सगळंच आहे. एका कथेत यंत्रमाणूस, दुसरीत वाळवंटातला राजपुत्र, तिसरीत अंधारात अपघात झालेली गाडी आणि कुणाचीतरी गार बोटं. (ती 'द फ्रोझन फिंगर'. दिवा चालू ठेवून वाचा.) भूतकथेत भूत कोण हे ठाऊक असतं, परीकथेत दुष्ट कोण ते. इथे मध्येच गोष्टीची जात बदलते आणि आपण भलत्याच बाजूला उभे सापडतो. माझ्यासाठी पुस्तकाची ओढ एवढ्यात आली. भीती वगैरे दुसऱ्या वाचनात बरीच ओसरते.

सगळं जमलंय असं नाही. 'स्कार्स' उगाच लांबली आहे. गुहेतल्या मुलाचे हाल वाचून वाचून मन बधिर होतं, आणि मग पुढचं काही लागत नाही. वाळवंटातली कथा देखणी आहे, पण माझ्याजवळ थांबली नाही.

आणखी एक. 'द एम्बॉडिमेंट'मध्ये पाळीचा रक्तस्राव थांबेना म्हणून गोळ्या घेणारी मुलगी चक्क गरोदर राहते, आणि डॉक्टरीणबाई तिलाच झापतात: मुलाला बाप शोध, नाहीतर बाळाचं काही खरं नाही. मग ती पोट घेऊन स्थळं बघत फिरते. पहिल्यांदा वाचताना मी मोठ्याने हसले होते. नेमाप्रमाणे या कथेची पाळी तीनदा येऊन गेली. दर वेळी मी पुढची कथा काढली.