मातीच्या विटांचे घर बांधून देणारी सेवा: खानापूरच्या पावसाच्या कसोटीवर

बेळगाव शहरातील एका वास्तुरचना कार्यालयाकडून आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, घर बांधून घेतले. नकाशा, अंदाजपत्रक, मातीच्या विटा पाडण्याचे यंत्र आणि गवंड्यांवरील देखरेख ही सगळी कामे हे कार्यालय एकत्र करते, आणि 'हवामानाशी जुळणारे घर' हे त्यांचे ब्रीद आहे. भिंती आणि छत त्यांनी चोख उभे केले. पाऊस मात्र त्यांच्या नकाशात पुरेसा पडत नाही. अशा घरांची चौकशी आता आपल्याकडे गावोगाव होऊ लागली असल्याने दोन्ही बाजू तपशिलाने मांडणे भाग आहे.

विटांपासून सुरुवात करतो, कारण तेथे त्यांचे कसब खरोखर दिसते. जागेवरचा पालापाचोळ्याचा काळसर थर बाजूला काढून त्याखालची जांभ्याची तांबडी माती त्यांनी वापरली. माती बाटलीत पाण्याबरोबर ढवळून, थर बसू देऊन, वाळू आणि चिकणमाती यांचे प्रमाण पाहिले. चिकणमाती जास्त वाटली तेथे वाळू मिसळली आणि त्यानंतरच थोडे सिमेंट घालून यंत्रात विटा दाबल्या. या विटा भट्टीत जात नाहीत. त्या सावलीत रचून सुमारे तीन आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात, आणि या कामात टाळाटाळ केली तर कडा हाताने भुगा होतात. कार्यालयाचा माणूस रोज येऊन गोणपाट ओले आहे का, ते चाचपून पाहत असे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान घडवणाऱ्या 'अस्त्र' केंद्राने हे तंत्र कर्नाटकात रुजवले. त्याच संस्थेतील वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अशा विटेला लागणारी ऊर्जा भाजलेल्या विटेच्या सुमारे एक चतुर्थांश असते. खानापूरच्या वीटभट्ट्यांना किती लाकूड लागते, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला या आकड्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

छताचे कामही तितकेच समाधानकारक झाले. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंड पेलते, तेथील काँक्रीट केवळ वजन वाढवते. म्हणून सळ्यांच्या चौकटींमध्ये मंगळुरी कौले एकावर एक ठेवून मधली जागा भरायची, ही पद्धत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली. आमच्या स्लॅबमध्ये खानापूरचीच कौले वापरली गेली. दोन कौलांमधील पोकळीमुळे एप्रिलच्या दुपारी खोली शेजारच्या साध्या स्लॅबच्या घरापेक्षा स्पष्टपणे थंड राहते. एके काळी बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आणि पंख्यावाचून उन्हाळा निघत असे. ते दिवस आता राहिलेले नाहीत, त्यामुळे हा फरक चैनीचा म्हणता येत नाही. सेंट्रिंगवाल्याने पहिल्या दिवशी 'स्लॅबात कौले घालतात का कुठे' म्हणून काम थांबवले होते. कार्यालयाच्या अभियंत्या बाईंनी अंगणातच एक छोटा तुकडा ओतून, त्यावर चार माणसे उभी करून त्याची खात्री पटवली.

आता तक्रारीकडे वळतो. कार्यालयाच्या माहितीपुस्तिकेत आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशामधील गांडो गावच्या प्राथमिक शाळेचे छायाचित्र मोठ्या अभिमानाने छापले आहे. ती शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली, तिला वास्तुरचनेचा २००४ चा आगा खान पुरस्कार मिळाला आणि तिचे रचनाकार फ्रान्सिस केरे यांना २०२२ मध्ये वास्तुरचनेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक देण्यात आले. पुस्तिकेत भर आहे तो शाळेच्या मातीच्या भिंतींवर. वास्तविक त्या इमारतीचे खरे शहाणपण तिच्या छपरात आहे: विटांच्या सच्छिद्र छतापासून वर उचललेला पत्रा मधून वारा वाहू देतो, गरम हवा बाहेर जाते, आणि भिंतींच्या बरेच पुढे आलेली त्याची पाखी पावसाचे पाणी मातीपासून दूर ठेवतात. जेथे वर्षातील बराचसा काळ कोरडा असतो, तेथेही रचनाकाराने पाखी इतकी लांब ठेवली. आमच्या पहिल्या नकाशात मात्र पश्चिमेची भिंत उघडी, सपाट आणि वर कठड्याने बंद केलेली होती. जांबोटीकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा पाऊस येतो आणि तो त्याच भिंतीवर आदळतो. सिमेंट मिसळलेली वीट पाण्यात विरघळत नाही हे खरे, पण पूर्ण भिजल्यावर तिची ताकद कोरड्या विटेच्या निम्म्याच्या आसपास येते. शिवाय ओल आत झिरपते ती वेगळीच.

या भागातील जुन्या घरांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. चिऱ्याचे उंच जोते, पश्चिमेला खोल पडवी, खाली उतरलेले कौलारू छप्पर आणि मृगापूर्वी उघड्या बाजूस बांधलेल्या बांबूच्या तट्ट्या ही व्यवस्था कोणत्याही पुस्तिकेत नसते. आमच्या गवंडी मामांनी नकाशा पाहताच पडवी कुठे आहे, असे विचारले. त्यावर कार्यालयाने 'दर्शनी रेषा' बिघडेल अशी हरकत घेतली, पुष्कळ वाद घातला आणि अखेरीस पडवी तसेच चिऱ्याचे जोते मान्य केले. पण बदललेल्या नकाशाचे शुल्क आमच्याकडूनच घेतले. हवामानाशी जुळणारे घर विकणाऱ्याने पावसाच्या दिशेचे ज्ञान जादा पैसे घेऊन द्यावे, हे मला मुळीच पटलेले नाही. पडवी झाल्यानंतरच्या पावसाळ्यात ती भिंत कोरडी राहिली, उत्तरेच्या उघड्या कोपऱ्यावर मात्र शेवाळ आले.

पन्हळी आणि पागोळ्यांचे पाणी जमिनीखालील टाकीत नेण्याची सोय ठीक आहे, इतकेच म्हणतो. पहिल्या पावसाचे घाण पाणी वळवणारी तोटी जिन्याखाली अशा ठिकाणी बसवली आहे, की ती फिरवायला वाकूनच आत शिरावे लागते.

चिकोडी, निपाणी आणि अथणीकडील वाचकांसाठी वेगळा इशारा द्यावासा वाटतो, कारण हे कार्यालय नदीकाठच्या गावांनाही हीच वीट सुचवते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठावर घरांत पाणी साचून राहिले आणि मातीच्या भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. त्या बाजूची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. सिमेंटने ती नीट बांधली जात नाही, तिला चुना अधिक मानवतो. पाकिस्तानच्या वास्तुरचनाकार यास्मीन लारी यांनी सिंधमध्ये २०१० च्या महापुरानंतर चुना, माती आणि बांबू वापरून उंच जोत्यावरची घरे गावकऱ्यांकडून उभारून घेतली, आणि त्या कामाची दखल २०२३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेच्या सुवर्णपदकाने घेतली गेली. कार्यालयातील चर्चेत मी चुन्याचा विषय काढला, तेव्हा 'आमचे यंत्र सिमेंटसाठी आहे' एवढेच उत्तर मिळाले. यंत्राला सोयीचे तेच गावाला सोयीचे, ही समजूत पूरपट्ट्यात घातक आहे. तेथे बांधायचे असेल तर या सेवेकडे न जाणेच बरे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. ग्रामपंचायतीचे अर्ज त्यांनी कन्नडमध्ये स्वतः भरले, करार आम्हाला मराठीत ओळीओळीने समजावून दिला, आणि बैलहोंगलकडून आलेल्या गवंड्यांसाठी मापांच्या सूचना भिंतीवर दोन्ही भाषांत लिहून ठेवल्या. खर्चाबद्दल मात्र कोणी भ्रमात राहू नये. माती जागेवरची असली तरी विटा पाडणे, पाणी मारणे आणि सांधे कोरणे यांत मजुरी इतकी जाते, की एकूण दर भाजलेल्या विटांच्या घरापेक्षा फारसा कमी पडत नाही. गिलावा आणि रंग वाचतो, तेवढी बचत खरी. भिंतीत खिळा ठोकता येत नाही, ड्रिलच लागते, हेही आधी कोणी सांगत नाही.

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात तांबडी माती असलेल्यांनी या कार्यालयाकडे अवश्य जावे. मात्र सही करण्यापूर्वी चारही बाजूंच्या पाख्यांची लांबी नकाशावर फुटांत लिहून घ्यावी, पडवी मूळ शुल्कातच धरायला लावावी, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतींची तपासणी व दुरुस्ती विनामूल्य करण्याचे कलम करारात घालून घ्यावे. आमच्या करारात ते नव्हते, त्यामुळे शेवाळ आलेल्या कोपऱ्याचा खर्च अद्याप वादात आहे.