ड्राय इलेक्ट्रोडच्या मशीनला पेटंट मिळेल का? शोधासाठी एस्पेसनेट कितपत कामाचं

युरोपियन पेटंट ऑफिसची एस्पेसनेट ही सेवा १९९८ पासून चालू आहे. ती फुकट आहे, खातं न उघडता वापरता येते आणि तिच्यात जगभरातली पंधरा कोटींहून जास्त पेटंट कागदपत्रं आहेत. इथे ती एकाच कामाच्या कसोटीवर तपासली आहे: लिथियम-आयन बॅटरीचा इलेक्ट्रोड द्रावकाशिवाय, थेट पावडरपासून बनवणाऱ्या यंत्रात पेटंट मिळण्याजोगं नवं काही आहे का, हे ठरवणं. या कामासाठी आमच्या मते पहिली पसंती हीच. पण नुसता शब्द टाकून शोधणाऱ्याला ती हमखास चुकीचं चित्र दाखवते, आणि भारतीय अर्जांच्या बाबतीत तोकडी पडते.

आधी यंत्राबद्दल. रूढ पद्धतीत ॲक्टिव्ह मटेरियल (वीज साठवणारी पावडर), कार्बन आणि बाइंडर (कण जोडून ठेवणारा पदार्थ) एनएमपी या द्रावकात कालवून ती स्लरी फॉइलवर फासतात. एनएमपी २०२ अंशांना उकळतो, प्रजननसंस्थेला घातक आहे, म्हणून लांबलचक ओव्हन आणि द्रावक परत मिळवणारी यंत्रणा लागते. ड्राय पद्धतीत बाइंडर म्हणून बहुधा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, असतो. जोरदार घर्षण दिलं की त्याचे तंतू निघतात आणि ते कणांना धरून ठेवतात. १९ अंशांच्या खाली त्याची स्फटिकरचना वेगळी असते, तंतू सहज सुटत नाहीत, म्हणून कच्चा पीटीएफई थंड ठेवून हाताळतात आणि घर्षण देताना तापमान वर नेतात. मग ती पावडर कॅलेंडरच्या, म्हणजे दाबून पातळ थर काढणाऱ्या यंत्राच्या, रोलमधून फिल्म होऊन बाहेर पडते.

पावडरच्या रेसिपीवरची मूळ पेटंटं सॅन दिएगोच्या मॅक्सवेल टेक्नॉलॉजीजची. २००३-०४ च्या सुमाराच्या त्या अर्जांची वीस वर्षांची मुदत सरली आहे किंवा सरत आली आहे. टेस्लाने ही कंपनी २०१९ मध्ये घेतली. मुदत संपली की ते तंत्र कुणालाही वापरता येतं, पण प्रायर आर्ट, म्हणजे आधीच जाहीर झालेली माहिती, म्हणून तो कागद कायम जिवंत राहतो. संपलेल्या पेटंटातली गोष्ट नवी म्हणून क्लेम करता येत नाही. ही गफलत इतके जण करतात की सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. आता खरी चुरस यंत्रावर आहे: पावडर कशी सोडायची, रोल कसे फिरवायचे, फिल्म फॉइलवर कशी चढवायची.

चाचणीसाठी एक साधा क्लेम, म्हणजे पेटंटने ज्यावर हक्क सांगायचा ती मांडणी, घेऊ. हॉपर, मोजून पावडर सोडणारा फीडर, स्वतंत्र मोटरवर वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन गरम रोल, वेगवान रोलवर चिकटलेली फिल्म फॉइलवर उतरवणारा तिसरा रोल, आणि दोन रोलांमधल्या गॅपचं स्वयंचलित नियंत्रण.

एस्पेसनेटच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘ड्राय इलेक्ट्रोड’ टाकलं की ईसीजी आणि ईईजीचे जेल न लावता चिकटवायचे इलेक्ट्रोड धो-धो येतात. ‘कॅलेंडर’ शब्द जोडला तरी अडचण संपत नाही. चिनी कागदपत्रांच्या यांत्रिक भाषांतरात तेच यंत्र ‘रोलर प्रेस’, ‘रोलिंग मशीन’, कधी कधी तर चक्क तारखांचं ‘कॅलेंडर’ म्हणून येतं. त्यामुळे शब्द बाजूला ठेवून वर्गीकरणाच्या, म्हणजे सीपीसीच्या, कोडने शिरायचं (कोड टाकताना अर्थातच रोमन अक्षरं).

घरचा कोड एच०१एम ४/०४३५: इलेक्ट्रोड बनवताना रोलिंग किंवा कॅलेंडरिंग. त्याच्या सोबतीला लिथियम बॅटरीचा इलेक्ट्रोड बनवण्याचा ४/१३९, फ्लोरिनयुक्त बाइंडरचा ४/६२३, आणि मॅक्सवेलचं मूळ काम सुपरकॅपॅसिटरचं असल्यामुळे एच०१जी ११/८६. बरेच जण इथेच थांबतात. यंत्राच्या क्लेमला आडवी येणारी कागदपत्रं मात्र शेजारच्या घरांत असतात: प्लास्टिक-रबराचं कॅलेंडरिंग बी२९सी ४३/२४, रोलरचे प्रेस बी३०बी ३/००, धातूची पावडर रोलखाली दाबणं बी२२एफ ३/१८, कागदाचे कॅलेंडर डी२१जी १/००, आणि धातूच्या रोलिंग मिलचा अख्खा बी२१बी. रोल वाकू नये म्हणून काय करावं याचं ज्ञान कागद आणि पोलाद या दोन उद्योगांत अनेक दशकं साचलेलं आहे. पेटंट ऑफिसचा एक्झामिनर ते शोधून काढतोच.

हे शेजार किती जुनं आहे पाहा. अमेरिकेत एडविन चॅफी याने १८३६ मध्ये रबर कापडावर चढवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर रबर टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळवून फासत. त्याने द्रावक काढून टाकला आणि गरम रोल वापरले. तेव्हा ‘द्रावक लागत नाही, गरम रोलने थर चढतो’ एवढ्या कल्पनेच्या जोरावर यंत्राचा क्लेम उभा राहणार नाही. दोन रोलांचे वेग वेगळे ठेवणं हीसुद्धा रबर मिलची रोजची रीत आहे. शिवाय ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर आयडब्ल्यूएसचं ‘ड्रायट्रेक’ तंत्र नेमकं यावरच उभं आहे: वेगातल्या फरकामुळे गॅपमध्ये पावडरवर कातरबल (घासून ताणणारा जोर) येतं, तंतू तयार होतात आणि फिल्म वेगवान रोलवर जाऊन बसते. वरच्या क्लेमचा मधला गाभा इथेच गेला.

एस्पेसनेटची खरी ताकद दिसते ती निकालांच्या यादीत. यादी ‘फक्त ड्रॉइंग’ या रूपात पाहता येते. यंत्राच्या शोधात याला तोड नाही. हॉपर, दोन रोल, फॉइलची रीळं हे चित्र डोळ्याला सेकंदात ओळखू येतं, मग मजकूर चिनीत असो की जपानीत. चित्र जुळलं की कागदपत्र उघडून तिथल्याच पेटंट ट्रान्सलेट या यांत्रिक भाषांतराने वर्णन इंग्रजीत वाचायचं. तांत्रिक शब्द अधूनमधून चुकतात, पण ड्रॉइंगमधले भागांचे क्रमांक भाषांतरात शाबूत राहतात. म्हणून वाक्याच्या मागे न लागता क्रमांकाच्या मागे जावं.

चिनी क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असलेली कागदपत्रं कधीही वगळू नयेत. ती युटिलिटी मॉडेलं असतात: दहा वर्षांची मुदत, सखोल तपासणीशिवाय मिळालेली, आणि मजकूर जेमतेम. पण फीडरचा ब्रश, हॉपरमधला आडोसा, रोलच्या कडेची पट्टी अशा यंत्राच्या बारीकसारीक भागांचा सर्वांत मोठा साठा तिथेच आहे. ‘तपासलेलं नाही म्हणजे कच्चं’ असं समजून सोडलं तर घात होतो, कारण प्रसिद्ध झालं की ते जगात सगळीकडे प्रायर आर्ट ठरतं. इथे सीपीसीचं जाळं थोडं फाटकं आहे: बऱ्याच युटिलिटी मॉडेलांना फक्त आयपीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणाचा, कोड असतो आणि आयपीसीत ४/०४३५ हा उपविभागच नाही. तेव्हा एच०१एम ४/०४ आणि ४/१३९ हे आयपीसी कोड यंत्राच्या शब्दांसोबत वेगळे चालवावे लागतात.

दुसरी उत्तम सोय सायटेशनची. मॅक्सवेलचं यूएस ७३५२५५८ उघडा आणि ‘कोणी उद्धृत केलं’ ही यादी घ्या. एका जुन्या कागदावरून पुढच्या पिढ्यांचे अर्ज रांगेने सापडतात, अर्जदार आणि वर्ष लावून गाळता येतात, यादी एक्सेलमध्ये उतरते. फॅमिलीच्या पानावर एकच शोध कोणकोणत्या देशांत गेला ते दिसतं. कायदेशीर स्थितीसाठी मात्र त्या त्या देशाचं रजिस्टरच पाहावं. गुगल पेटंट्सवर ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘एक्स्पायर्ड’ लिहिलेलं असतं, पण तो अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नव्हे, हे ते स्वतःच सांगतात. गुगलचा उपयोग दुसरीकडे आहे: चिनी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरात पूर्ण शोध आणि ‘यासारखी कागदपत्रं’. एस्पेसनेटवर सापडलेले सर्वांत जवळचे कागद तिथे टाकून शेजारी काय दिसतं ते जरूर पाहावं.

आता उरलेला क्लेम. हॉपर, फीडर, रोल, रीळ ही नुसती जोडणी भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) मध्ये अडकते: ज्ञात उपकरणं, प्रत्येक आपापलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करतंय, अशी मांडणी शोध ठरत नाही. ‘रबर मिलच, पण इलेक्ट्रोडसाठी’ असा युक्तिवाद असेल तर ज्ञात यंत्राचा नुसता वापर म्हणून ३(डी) समोर येतं. युरोपात ‘अमुक कामासाठीचं यंत्र’ याचा अर्थ ‘त्या कामाला योग्य असलेलं यंत्र’ असा घेतात. म्हणजे स्वतंत्र मोटरींची, तापणारी जुनी दोन-रोल मिल ते काम करू शकत असेल, तर ती नावीन्य मारते. वेगाचं गुणोत्तर ही चालवण्याची रीत आहे, ती पद्धतीच्या क्लेममध्ये टाकावी. यंत्राच्या क्लेममध्ये रचना हवी, किंवा ते गुणोत्तर राखायला बसवलेला कंट्रोलर तरी.

जीव आहे तो गॅपच्या नियंत्रणात. एक्झामिनर पहिल्याच फटक्यात रोलिंग मिलमधलं स्वयंचलित जाडी-नियंत्रण समोर ठेवेल: रोलवरचं बल मोजा, रोल धरणारा स्टँड किती ताणला ते काढा, जाडी कळते, गॅप दुरुस्त करा. त्याला उत्तर आहे, आणि ते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या वर्णनात, पहिल्या दिवसापासून लिहिलेलं हवं. धातूची घनता रोलखाली बदलत नाही, पावडरची बदलते. फीडरमधून आलेल्या पावडरची घनता जरा वरखाली झाली की तेवढ्याच बलाला कधी पातळ-घट्ट तर कधी जाड-भुसभुशीत फिल्म येते. बॅटरीला महत्त्वाचं असतं ते दर चौरस मीटरला किती ग्रॅम माल बसला. म्हणून बलाचं मोजमाप, एक्स-रे किंवा बीटा गेजने मोजलेलं क्षेत्रभार आणि फीडरचा वेग या तिन्हींची एकत्र सांगड घातली, तर ती धातूच्या मिलमधून सरळ उचललेली म्हणता येत नाही आणि भाग ‘स्वतंत्रपणे’ काम करतात असंही म्हणता येत नाही. सोबत सांगड चालू असताना आणि बंद असताना रुंदीभर घेतलेली मापं द्यावीत. मधोमध जाड आणि कडांना पातळ (रोल वाकल्यामुळे), कडांना चिरा (पावडर बाजूला निसटल्यामुळे), हॉपरमध्ये कमान धरून प्रवाह थांबणं: यातलं कोणतं दुखणं कोणत्या भागाने बरं होतं, हे एकास एक लिहिलं तर एफईआरला (पेटंट कार्यालयाच्या पहिल्या तपासणी अहवालाला) उत्तर देताना हातात काहीतरी असतं. अर्जाची तारीख उलटल्यावर ते स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाही.

एस्पेसनेटच्या मर्यादा तीन. पहिली कोणत्याही शोधसेवेला चुकत नाही: अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर तो दिसत नाही. या क्षेत्रात अर्जांची गर्दी पाहता ही फट मोठी आहे. दुसरी, पेटंटाबाहेरचं फारसं काही इथे नाही. टेस्लाच्या सप्टेंबर २०२० च्या बॅटरी डेचा व्हिडिओ, प्रदर्शनातलं माहितीपत्रक, प्रबंध हेही प्रायर आर्टच. ते वेगळे धुंडाळावे लागतात. तिसरी, भारतीय अर्जांसाठी हिच्यावर विसंबू नये. त्यासाठी भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास आहे. दिसायला रुक्ष, दर वेळी कॅप्चा, स्कॅन केलेल्या पीडीएफ. तरी एका गोष्टीत ते सरस आहे: अर्जाच्या स्थितीच्या पानावर एफईआर, त्याचं उत्तर, सुनावणीची नोटीस आणि निर्णय, सगळं उघडून वाचता येतं. कॅलेंडर आणि कोटिंग यंत्रांच्या काही फाइली वाचल्या की ३(एफ) चा आक्षेप कोणत्या उत्तराने निघतो आणि कोणत्याने निघत नाही, ते कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा स्पष्ट कळतं.

नावांच्या रकान्यावरून मालकी ठरवू नये, हेही या क्षेत्राने दाखवलं आहे. टेस्लाने जून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात मॅथ्यूज इंटरनॅशनल या रोल-यंत्रं बनवणाऱ्या पुरवठादारावर दावा लावला. ड्राय इलेक्ट्रोड यंत्रांची आपली गुपितं त्यांनी इतरांना दिली आणि पेटंट अर्जांत घातली, असा आरोप होता. मॅथ्यूजने तो नाकारला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लवादाने त्यांना ही यंत्रं इतर ग्राहकांना विकायची मुभा दिली. चाकण-भोसरीच्या यंत्रनिर्मात्याने बॅटरी सेलच्या कंपनीसाठी यंत्र बांधताना सुधारणा कोणाच्या नावे जाणार, हे खरेदी ऑर्डरच्या आधी लेखी ठरवावं. ट्रायल दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार करून प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज टाकावा. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. अर्ज आधी परदेशात करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी लागते.

प्रोव्हिजनलनंतर कम्प्लीट स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. एस्पेसनेटवर चालवलेली शोधाची सगळी सूत्रं फाइलमध्ये जपून ठेवावीत आणि अकराव्या महिन्यात तीच, फक्त मधल्या काळात प्रसिद्ध झालेल्या कागदांवर, पुन्हा चालवावीत. तेव्हा दिसणारे बरेचसे अर्ज आपल्या तारखेच्या आधी दाखल झालेले, पण पहिल्या शोधात अदृश्य असलेले असतात. क्लेम आवळायची वेळ तीच.