विंडोज टाकल्यानंतरचं काम विंगेटवर सोपवावं का?

मशीन फॉरमॅट होतं पटकन. ब्राउझर, व्हीएलसी, सेव्हन-झिप, लिबरऑफिस, मराठी कीबोर्ड बसवण्यातच अख्खी दुपार जाते. विंडोज 11 सोबत आयतं येणारं मायक्रोसॉफ्टचं विंगेट (कमांड देऊन सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन) आणि चाळीसेक ओळींची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) ही दुपार वाचवतात. फुकट आहे, भरवशाचं आहे, नाशिकमधल्या कॉम्प्युटर दुकानदारांनी जरूर वापरावं. फक्त ते कधी चालवायचं हे कळलं पाहिजे.

फसगत तिथेच होते. विंडोजचा सेटअप संपला की आपोआप चालणारी सेटअपकम्प्लीट ही सीएमडी म्हणजे बॅच फाइल लॉगिनच्या आधी, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्यातून चालते. विंगेटची नोंदणी मात्र पहिल्या लॉगिननंतर होते. म्हणून त्या फाइलमध्ये विंगेट लिहिलं तर कमांडच सापडत नाही. एचकेसीयूच्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या चालू खात्यापुरत्या सेटिंगच्या नोंदीही सिस्टिम खात्यात जाऊन पडतात, वापरणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. ओईएम की (कंपनीने मशीनसोबत दिलेली विंडोजची की) असलेल्या होम किंवा प्रो लॅपटॉपवर तर ही फाइल चालतच नाही. तिच्यात पॉवरची सेटिंग आणि इंडिया स्टँडर्ड टाइम एवढंच ठेवावं, बाकीचं लॉगिननंतर दुसऱ्या फाइलमधून करावं.

विंगेटच्या प्रत्येक ओळीत नावाऐवजी आयडी द्यावा, सोबत एक्झॅक्ट, सायलेंट आणि करार मान्य करणारे दोन्ही पर्याय. ते राहिले तर स्क्रिप्ट वाय की एन विचारत तशीच थांबते.

गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉलेजची वीस मशीनची लॅब असेल, तर विंगेट तोकडं पडतं. प्रत्येक मशीन तीच फाइल पुन्हा उतरवतं. लिबरऑफिस साधारण साडेतीनशे एमबी, म्हणजे लॅबला सात जीबी. असे जड एमएसआय (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइली) पेनड्राइव्हवरून, त्या चालवणाऱ्या एमएसआयएक्झेक कमांडला क्यूएन (काही न विचारता) आणि नोरिस्टार्ट (रिस्टार्ट न करता) लावून टाकावेत. पाथची सुरुवात %~डीपी0 ने, म्हणजे बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याने करावी. ॲडमिन म्हणून चालवलं की चालू फोल्डर सिस्टिम32 होतो आणि शेजारीच असलेली फाइल सापडत नाही. 3010 कोड आला तर इन्स्टॉल नीट झालेलं असतं, रिस्टार्ट तेवढा बाकी. पण बॅच फाइलमधली चूक तपासणारी 'इफ एररलेव्हल 1' ही ओळ त्यालाही चूक धरते, कारण ती तपासणी 1 किंवा त्याहून जास्त अशी असते.

संदेश मराठीत हवे असतील तर फाइल बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करावी आणि वर सीएचसीपी 65001 ही यूटीएफ-8 लावणारी कमांड लिहावी. बीओएम राहिला की पहिलीच ओळ अडते. मराठी कीबोर्ड पॉवरशेलच्या सेट-विनयूजरलँग्वेजलिस्टने बसतो, पण चालू खात्यापुरताच. विद्यार्थ्यांचं खातं वेगळं असेल तर ती ओळ त्याच खात्यात लॉगिन करून, ॲडमिन न होता चालवावी.