दोन टनी बॉटल जॅक: तेलावर चालतो, हवेने अडतो

गाडीच्या सामानाच्या दुकानात साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळणारा दोन टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडी उचलणारा बाटलीच्या आकाराचा जॅक, घेण्यासारखा आहे. अट एकच, त्याच्या पंपात तेलाशिवाय दुसरं काही नको. ‘दांडा हलतो पण गाडी उचलत नाही’ ही या जॅकबद्दलची नेहमीची तक्रार. अशा वेळी लोक तो भंगारात टाकतात, आणि बर्‍याचदा आत फक्त हवा अडकलेली असते.

आधी त्याचं बळ बघू. गाडी उचलणारा मोठा दट्ट्या 24 मिमी व्यासाचा, दांड्याने खाली-वर होणारा पंपाचा छोटा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, 10 मिमीचा आणि प्लंजरची चाल 20 मिमी असं धरा. या वर्गातले जॅक याच्या जवळपास असतात. एका चाकावर 400 किलो भार असेल तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 88 किलो दाब येतो. प्लंजरवर तो जवळजवळ 70 किलो होतो, आणि दांड्याची तरफ पंधरापट असेल तर हाताला पाच किलोसुद्धा लागत नाहीत. एका खेपेत गाडी साडेतीन मिमी वर जाते. हळू, पण न चुकता.

न चुकता, कारण एवढ्या दाबाखाली तेलाचं आकारमान जेमतेम अर्धा टक्का घटतं. द्रवाचे रेणू आधीच एकमेकांना भिडलेले असतात. आणखी जवळ ढकललं की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात मागे रेटतात. पाणीही दबतं, हे जॉन कँटनने 1762 मध्ये दाखवून दिलं, पण इतकं कमी की त्याआधी ते दबतच नाही असंच मानलं जाई. पोलाद तर तेलाच्याही शंभरपट ताठ. मग तेलाऐवजी पोलादाची कांडी का नाही? कांडी फक्त सरळ रेषेत ढकलते. तेल आकार बदलून प्लंजरखालून वळतं, मोठ्या दट्ट्याखाली पसरतं आणि सगळीकडे सारखा दाब देतं.

हवेचं गणित निराळं. साध्या हवेत दोन रेणूंमधलं सरासरी अंतर रेणूच्या आकाराच्या दहापट असतं. म्हणजे आपण रेणूंना दाबत नाही, मधली मोकळी जागा कमी करतो. 88 किलोच्या दाबाला हवा ऐंशी-नव्वदाव्या हिश्श्यावर येते.

आता ही हवा प्लंजरच्या कोठडीत शिरली की काय होतं ते पाहा. प्लंजर पूर्ण खाली आला तरी कोठडीत थोडी जागा उरते, ती 0.3 घन सेंटिमीटर धरू. वर असताना हवा 1.9 घन सेंटिमीटर, खाली असताना 0.3. म्हणजे दाब सहापट, आणि झटका मारल्याने हवा तापली तरी बारा-तेरापट. प्लंजरकडून मोठ्या दट्ट्याकडे जाणारी तेलाची वाट गोळीने अडवणारा बॉल व्हॉल्व्ह उघडायला मात्र 88 किलोचा दाब लागतो. तो उघडत नाही. दांडा वर घेतला की तीच हवा फुगते आणि रिकाम्या जागेत तेल ओढलंच जात नाही. हात दुखेपर्यंत मारा, गाडी तसूभर हलणार नाही.

उपाय सोपा आहे. जॅक उभा ठेवा, भार काढा. रिलीज व्हॉल्व्ह (दट्ट्या खाली घेण्यासाठी तेल सोडणारा स्क्रू) डावीकडे एक-दीड आटा सोडा आणि दट्ट्या हाताने पूर्ण खाली दाबा. बाजूचं रबरी बूच काढा. मग दांडा भराभर दहा-पंधरा वेळा मारा. व्हॉल्व्ह उघडा असल्यामुळे हवेला आता भाराशी झुंजावं लागत नाही, ती जॅकमधल्या तेलाच्या टाकीत निघून जाते. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. काठोकाठ नको, टाकीत वर थोडी हवा लागतेच. बूच लावा, व्हॉल्व्ह बंद करून दट्ट्या रिकामाच वर-खाली करून पाहा. तेल जॅकचंच घ्या, 22 किंवा 32 ग्रेडचं. ब्रेक ऑइल घातलं तर रबरी सील फुगून जातात.

हवा शिरते कुठून? बहुधा डिकीतून. जॅक आडवा पडून हिंदकळला की टाकीतली हवा पंपाच्या तोंडाशी येते. दट्ट्या पूर्ण खाली करून जॅक उभा बांधून ठेवा.

एक उणीव मात्र खरी आहे. या वर्गातल्या जॅकची किमान उंची साधारण 15 सेंटिमीटर किंवा जास्त असते. छोट्या कारचं चाक बसलं की तेवढी जागा उरेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी पंक्चर चाकावर किती जागा राहील ते मोजा. उंच गाड्या आणि पिकअपला हा उत्तम. चाक बदलण्यापुरताच वापरा; गाडीखाली जायचं असेल तर जॅक-स्टँड (गाडी टेकवायचा लोखंडी आधार) लागतोच, कारण व्हॉल्व्हच्या बॉलखाली कचर्‍याचा एक कण अडकला तरी दट्ट्या खाली बसू लागतो.

दुकानातच तपासायचं तर व्हॉल्व्ह बंद करून दट्ट्या दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या आणि तळव्याने जोर लावून दाबा. दबून परत वर आला तर हवा आहे, काढता येईल. हळूहळू खाली जाऊन तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय, दुसरा मागा.