एअरब्रश आणि कॉम्प्रेसर: हरिकेन रंगवताना आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत मॉडेल विमानं रंगवायला एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं साधन) आणि त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर असा सेट घेतला होता, आता जुलै चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. 0.3 मिमीची सुई, वरती रंगाची वाटी, बटण दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग, कॉम्प्रेसर 3 लिटर टाकीवाला. एवढ्या दिवसांत एकच विमान पूर्ण झालं पण ते मनासारखं झालं म्हणून सविस्तर लिहितोय.

विमान म्हणजे 1/72 चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) हॉकर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, आपल्या हवाई दलाच्या नंबर 1 स्क्वाड्रनचं, 1944 ला इंफाळच्या लढाईत होतं ते. स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, तिथल्याच कामगिरीसाठी त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे पदक मिळालं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 17 सेंटिमीटर, वरून हिरवा आणि मातकट, पोटाला करडा. आणि बर्मा आघाडीवर विमानावरच्या गोल चिन्हातला लाल ठिपका काढून टाकलेला असायचा, कारण जपानी विमानांवर लाल गोळा, गडबडीत आपल्याच लोकांनी आपलं विमान पाडायला नको. म्हणून गडद निळ्यात फिकट निळा असे डीकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) वेगळे शोधून घेतले, लालवाले लावले असते तर मला झोप आली नसती.

आता मुख्य मुद्दा. हरिकेनचा मागचा भाग पत्र्याचा नाही, लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं, त्यामुळे मॉडेलवर तिथे केसाएवढ्या उभट रेघा असतात. आधी हेच विमान मी हाताच्या ब्रशने केलं होतं तेव्हा दोन हातांतच त्या रेघा बुजल्या. यावेळी तीन थर देऊनसुद्धा टेबल लॅम्प आडवा धरला की एकेक रेघ मोजता येते! दोन रंग भेटतात तिथे ब्लू-टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) बारीक वळ्या लावून मारलं, कड अगदी किंचित मऊ आली. मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं ते इथेच.

पण रंग दुधाइतका पातळ पाहिजे आणि हवेचा दाब 15 ते 18 पीएसआय, जाड रंग घातला की सुईच्या टोकावर सुकतो आणि मग थुंकल्यासारखे ठिपके उडतात. पावसाळ्यात अजून एक त्रास, टाकीत पाणी साचतं. जूनमध्ये पोटाचा करडा मारताना पाण्याचा थेंब थेट डाव्या पंखावर आला, सगळं घासून परत करावं लागलं. तेव्हापासून दर वेळी आधी टाकीखालचा नट सैल करून पाणी काढतो, वॉटर ट्रॅपच्या (हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरच्या) भरवशावर राहत नाही.

साफसफाईला रंगवण्याएवढाच वेळ जातो हे धरूनच चला. सुई परत घालताना एकदा टोक वाकलं, तर सेटबरोबरच एक जादा सुई घेऊन ठेवा. आवाज जुन्या फ्रिजएवढा, रात्री अकरानंतर मी लावत नाही. मास्क आणि उघडी खिडकी पाहिजेच.

नंबर 8 स्क्वाड्रनचं स्पिटफायर आणून ठेवलंय, तेही बर्मातलंच. पाऊस जरा उघडला की प्रायमर मारतो.