प्लगिनसाठी पाथ लावताना: आधीचं पुसायचं, जोडायचं की नसेल तरच भरायचं?

जुळे सोलापुरातल्या एका रेकॉर्डिंग रूमचं लिनक्स मशीन माझ्याकडे असतं. त्यावर तिघं काम करतात आणि प्रत्येकाचे प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्टसारखे छोटे प्रोग्राम) वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर हलगीचं जुनं सेशन उघडलं, तर निम्मे इफेक्ट गायब. फाइली मात्र जागच्या जागी होत्या. नव्या पॅकेजच्या स्क्रिप्टने 'एलव्हीटू पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधलं, म्हणजे एलव्हीटू प्रकारचे ऑडिओ प्लगिन कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीतलं, आधीचं सगळं काढून फक्त स्वतःचं फोल्डर लिहिलं होतं.

असं सरसकट पुसून लिहिणं एकाच ठिकाणी चालतं: फक्त एका प्रोग्रामसाठी लिहिलेल्या रॅपर स्क्रिप्टमध्ये (तो प्रोग्राम सुरू करून देणारी छोटी स्क्रिप्ट) किंवा कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळं ठेवलेलं वातावरण). तिथे दर वेळी तोच निकाल हवा असतो. सामाईक मशीनवर हे करू नका.

जोडणं बहुतेकांना योग्य वाटतं, मलाही. 'पाथ' या व्हेरिएबलमध्ये कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी असते, दोन फोल्डरांमध्ये कोलन घातलेली. ती डावीकडून वाचली जाते आणि आधी सापडेल ते चालतं. आपलं फोल्डर पुढे लावलं तर आपली आवृत्ती जिंकते, मागे लावलं तर वापरणाऱ्याची. पॅकेज दुसऱ्यासाठी बनवत असाल तर मागेच लावा. त्याने मुद्दाम ठेवलेली आवृत्ती आपण का दाबायची?

पण व्हेरिएबल आधी रिकामं असेल तर जोडतानाही घोटाळा होतो. नुसता कोलन उरला की 'पाथ'मध्ये त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'चालू फोल्डर' असा होतो, म्हणजे तुम्ही डाउनलोड फोल्डरमध्ये असाल, तर तिथे पडलेली चालवता येण्याजोगी फाइल कमांड म्हणून चालू शकते. म्हणून आधी काही असेल तरच कोलन घाला. एलव्हीटूचं आणखी वेगळं आहे. ते व्हेरिएबल नसतं तेव्हा लिल्व्ह ही एलव्हीटू प्लगिन शोधणारी लायब्ररी नेहमीची फोल्डरं शोधते. एकदा ते भरलं की फक्त त्यातलंच पाहते. म्हणजे नीट जोडूनही सिस्टिमचे प्लगिन जातात. नेहमीची फोल्डरंही यादीत लिहावी लागतात. जीस्ट्रीमर या ऑडिओ-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण नाही: 'जीएसटी प्लगिन पाथ' ही जादाची यादी असते, सिस्टिमच्या फोल्डरांसाठी वेगळं व्हेरिएबल आहे. त्यामुळे जोडण्याआधी त्या सॉफ्टवेअरची ही रीत वाचाच.

नसेल तरच भरणं पोर्ट नंबर, थीम अशा एकेरी किमतींसाठी उत्तम. नोड आणि पायथनमधल्या डॉटएन्व्ह लायब्ऱ्याही (फाइलमधून व्हेरिएबल भरणाऱ्या) मुळात असंच वागतात, आधीच्या किमतीला हात लावत नाहीत. फोल्डरांच्या यादीसाठी मात्र नको. दुसऱ्या कुणी यादी आधीच भरली असेल, तर तुमचं फोल्डर त्यात जातच नाही आणि एररही येत नाही.

रेकॉर्डिंग रूममध्ये मी शेवटी व्हेरिएबलच काढून टाकलं. सामाईक प्लगिन सिस्टिमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये आणि ज्याचे त्याचे त्याच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट एलव्हीटू'मध्ये ठेवले. जमत असेल तर तुम्हीही हेच करा.

विंडोजवर जोडणार असाल तर कोलनऐवजी सेमीकोलन लागतो, आणि व्हेरिएबल कायमचं लिहिणारी 'सेटएक्स' ही कमांड वापरू नका. ते १०२४ अक्षरांपुढचं छाटतं, त्यामुळे लांब 'पाथ'चं शेपूट कायमचं जातं.